वाचकांचे प्रश्न : तीन वह्या आणि एक कंदील

विट्याहून एका वाचकांनी विचारलंय : ताई, २०१९ च्या पुरात तुमच्या कादंबरीचं हस्तलिखित गेलं. ते परत कसं लिहिलंत?

चार वह्या होत्या. आमचं घर सांगलीच्या गावभागात. आयर्विन पुलापाशी पाण्यानं चाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडली तेव्हा आम्ही फ्रीज पलंगावर चढवला, धान्याचे डबे माळ्यावर टाकले. वह्या कपाटाच्या वरच्या खणात राहिल्या. २००५ ला पाणी खिडकीच्या खालच्या कडेला थांबलं होतं, त्यामुळे तिथवर येईल असं मनातही आलं नाही. या वेळी ते ५७ फुटांच्या वर गेलं. परत आलो तर कपाट फुगून बसलेलं, पहार घालून दार काढावं लागलं. जेल पेननं लिहिलेल्या तीन वह्यांची पानं नुसती निळी झाली होती, अक्षर म्हणून उरलं नव्हतं. चौथी साध्या बॉलपेनची. तिचं एकेक पान सोडवून गच्चीत दोरीवर चिमट्यांनी लावलं, ती वाचता आली. तेव्हापासून मी बॉलपेनच वापरते.

बाकीच्या तीन परत लिहायला बसले. हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोदलेली पेवं असायची. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. बंद पेवातली हवा जीव घेऊ शकते. अशा पेवात जन्मभर उतरलेल्या एका म्हाताऱ्या हमालमामांनी मला सांगितलं होतं, ‘आधी कंदील सोडायचा. त्यो इझला तर मानूस सोडायचा न्हाई.’ हे वाक्य शब्दाला शब्द आठवलं. ते बोलताना मामांनी हातानं दोर सोडल्यासारखं केलं होतं, तेही आठवलं. पण कृष्णेच्या घाटावरची संध्याकाळ मी दहा पानं लिहिली होती, फार आवडती होती मला, त्यातली एक ओळ येईना. पंधरा दिवस आठवत बसले, रडलेही. मग ती पानं सोडून दिली. छापलेल्या कादंबरीत घाट दोन ओळींत आहे आणि मला तो तेवढाच बरोबर वाटतो.

मिरजेहून : रोज किती वेळ लिहिता?

पहाटे साडेचार ते साडेसहा. मग दूधवाला येतो आणि घर जागं होतं.

तासगावहून एका विद्यार्थिनीनं लिहिलंय : आई बेदाण्याच्या शेडवर निवडीला जाते, घरी पुस्तकं नाहीत. प्रतिभा उपजतच लागते का?

बाळ, मी एकोणीस वर्षं मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिले. सौद्याच्या वेळी व्यापारी पोत्यातलं एक हळकुंड उचलायचे आणि कट्कन मोडायचे. आतला रंग बघायचे, पण त्याआधी आवाज ऐकायचे. नीट वाळलेलं हळकुंड खणखणीत वाजतं, ओल राहिलेलं नुसतं वाकतं किंवा दबका आवाज देतं. मलाही हळूहळू टेबलावर मान खाली घालून बसल्या जागी कळायला लागलं की आताचा माल ओला आहे. कान असा रोजच्या ऐकण्यानं तयार झाला. आजही लिहिलेलं वाक्य मी मोठ्यानं वाचते आणि ओलं वाटलं तर खोडते. हे उपजत होतं का, मला सांगता येणार नाही. मी ते यार्डात शिकले एवढं खरं.

पुस्तकं मिळव, वाचनालयाची वर्गणी परवडत नसेल तर संपादकांकडे कळव, माझ्याकडची पाठवीन. पण त्याची वाट बघू नकोस. शेड सुटल्यावर आई आणि तिच्या बरोबरच्या बायका चालत येत असतील. उद्या त्यांच्याबरोबर चाल. वही घरी ठेव, रात्री जेवल्यावर काढ, आणि त्यातलं जे आठवेल तेवढंच लिही.