एलट्रेस गप्प का बसतो?

प्रश्न : सी भाषेतला एक जुना प्रोग्राम सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आहे. सोर्स हाताशी आहे, पण कुठलं फंक्शन कुणाला कधी बोलावतं याचा थांग लागत नाही. लिनक्सवर चालत्या प्रोग्रामचे कॉल टिपणारी दोन साधनं वापरून पाहिली. एसट्रेस लावला तर पानंच्या पानं भरतात. एलट्रेस लावला तर 'एक्झिटेड (स्टेटस 0)' एवढी एकच ओळ येते. एलट्रेस बिघडलाय, की माझंच काही चुकतंय?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. प्रोग्राम ज्या तऱ्हेने कंपाइल झालाय, त्यात एलट्रेसला बसायला जागाच उरली नसावी.

एसट्रेस ऐकतो ते प्रोग्राम आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांच्यातलं बोलणं : फाइल उघड, इतके बाइट वाच, मेमरी दे. त्यावाचून कुठल्याच प्रोग्रामचं चालत नाही, म्हणून एसट्रेस कधी रिकाम्या हाताने परतत नाही. एलट्रेस मात्र प्रोग्राम आणि शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती तयार फंक्शनं) यांच्यामधल्या दारावर बसतो आणि बाहेर जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद ठेवतो. घरातल्या घरात कोण कुठल्या खोलीत गेलं, याचा त्याला पत्ता नसतो.

हे दार म्हणजे पीएलटी, प्रोसीजर लिंकेज टेबल. तुमचा प्रोग्राम मॅलॉक किंवा प्रिंटएफ बोलावतो तेव्हा आधी या टेबलातल्या नोंदीवर जातो आणि तिथून लायब्ररीत. एलट्रेस त्या नोंदीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रामला थांबवणारा सापळा, रोवतो. इंटेलच्या प्रोसेसरवर हा एकच बाइट असतो, हेक्समध्ये सीसी. प्रोसेसर तिथे अडखळला की कर्नल पीट्रेसमार्फत (एका प्रोसेसला दुसरीवर नजर ठेवू देणारी कर्नलची सोय) एलट्रेसला जागं करतो. मग एलट्रेस रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागा) वाचून अर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किंमती, छापतो आणि प्रोग्रामला पुढे सोडतो. परतीच्या पत्त्यावरही असाच सापळा असतो, म्हणून बरोबरच्या चिन्हापुढे परत आलेली किंमत दिसते.

हल्ली बरीच लिनक्स वितरणं सुरक्षेसाठी लायब्ररीतल्या फंक्शनांचे सगळे पत्ते प्रोग्राम सुरू होतानाच शोधून ठेवायला लावतात. लिंकरचा तो पर्याय म्हणजे '-झेड नाऊ'. शिवाय कंट्रोल-फ्लो संरक्षणापायी (प्रोग्रामला भलत्याच ठिकाणी उडी मारू न देण्याची सोय) पीएलटीची घडणही बदलली आहे. जुना एलट्रेस नेहमीच्या दारावर ठाण मांडून बसतो आणि वर्दळ दुसरीकडूनच चालू असते. तेव्हा जीसीसी कंपायलरला '-डब्ल्यूएल,-झेड,लेझी' आणि '-एफसीएफ-प्रोटेक्शन=नन' देऊन तपासणीपुरती वेगळी प्रत बांधा. त्याआधी 'फाइल' ही कमांड प्रोग्रामवर चालवून पाहा. 'स्टॅटिकली लिंक्ड' असं उत्तर आलं तर लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच आहे. मग एलट्रेसचा नाद सोडा.

तो बोलू लागला की काय वाचायचं? असा तुकडा समजा :

एफओपन("सेटिंग.टीएक्सटी", "आर") = 0
एफगेट्स(...
सेगमेंटेशन फॉल्ट

एफओपनकडून 0 परत आला, म्हणजे फाइल उघडलीच नाही. ते न तपासता पुढची ओळ त्याच रिकाम्या पॉइंटरवरून वाचायला गेली आणि प्रोग्राम आडवा झाला. एसट्रेसमध्ये फाइल न सापडल्याचं दिसलं असतं, पण त्यानंतर कोणी काय केलं ते नसतं दिसलं. एक सावधगिरी मात्र बाळगा. कुठल्या फंक्शनला किती आणि कसली अर्ग्युमेंट लागतात, हे एलट्रेस स्वतः ओळखत नाही. ती माहिती त्याला आधी पुरवलेल्या फंक्शनांच्या वर्णनांतून मिळते. वर्णन नसलेल्या फंक्शनपुढचे आकडे अंदाजपंचे असतात, त्यांवर विसंबू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला पाहायची आहेत ती प्रोग्रामची स्वतःची फंक्शनं, म्हणजे घराच्या आतली ये-जा. त्यासाठी एलट्रेसचा '-एक्स' पर्याय आहे, पण प्रोग्राममधून नावांचं टेबल 'स्ट्रिप'ने काढून टाकलेलं नसेल तरच तो चालतो. सोर्स हाताशी असताना लोक यात का डोकं घालतात, मला उमगत नाही. सरळ यूएफट्रेस हे फंक्शनांचा माग काढणारं साधन घ्या. '-पीजी' लावून कंपाइल करा, 'यूएफट्रेस रेकॉर्ड'ने प्रोग्राम चालवा आणि 'यूएफट्रेस रिप्ले' म्हणा. महिरपी कंसांत एकात एक बसवलेली फंक्शनं दिसतात, अगदी सीच्या कोडसारखी, आणि प्रत्येकापुढे लागलेला वेळ. ऑप्टिमायझेशन '-ओ0' ठेवा, नाहीतर कंपायलर छोटी फंक्शनं बोलावणाऱ्याच्या आतच विरघळवून टाकतो आणि यादीत ती सापडत नाहीत. यादी अंगावर आली तर कॅपिटल '-डी' देऊन एकात एक फंक्शनांच्या 3 पातळ्यांवरच थांबवा. अनोळखी प्रोग्रामची पहिली ओळख तेवढ्यावर छान होते.

प्रश्न : आधीच चालू असलेल्या प्रोग्रामला एलट्रेस '-पी'ने जोडायला गेलो की 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. प्रोग्राम माझाच, लॉगिन माझंच. मग आडकाठी कसली?

उत्तर : कर्नलमधल्या यामा नावाच्या सुरक्षा मॉड्यूलची. त्याचं 'पीट्रेस_स्कोप' हे सेटिंग 1 असेल, तर साध्या वापरकर्त्याच्या ट्रेसरला (एलट्रेससारख्या पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामला) फक्त त्याने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसवर आणि तिच्या पिलावळीवरच नजर ठेवता येते. सुडो लावा (म्हणजे कमांड मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालवा) किंवा प्रोग्राम पहिल्यापासून एलट्रेसखालीच सुरू करा. सेटिंग कायमचं 0 करून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा. सुडो लावूनही तीच रड असेल तर '/प्रॉक'मधल्या त्या प्रोसेसच्या 'स्टेटस' फाइलीत 'ट्रेसरपिड' (पाळत ठेवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक) पाहा. तो 0 नसेल तर दुसरं कुणीतरी, बहुतेक उघडा राहिलेला जीडीबी डीबगर, आधीच चिकटलेलं आहे. एका प्रोसेसला एका वेळी एकच ट्रेसर चालतो.

प्रश्न : हे सगळं गर्दीच्या सर्व्हरवर चालवलं तर चालेल का?

उत्तर : एलट्रेस नको. दर कॉलला प्रोग्राम थांबतो, एलट्रेस उठतो, पुन्हा प्रोग्राम चालू होतो; सेकंदाला हजारो कॉल असतील तर सर्व्हर रांगायला लागेल. तिथे बीपीएफट्रेस या साधनाचा यूप्रोब, म्हणजे प्रोग्राममधल्या फंक्शनवर लावायची नोंदखूण, वापरा. ब्रेकपॉइंट तोही रोवतो, पण मोजदाद कर्नलच्या आतच उरकते. अर्थात तोही फुकटचा नाही, म्हणून एक-दोन फंक्शनांची नावं देऊन लावा, सरसकट सगळ्यांवर नको.