रिकॉलची एअरबॅग बदलायचीय? आधी एवढं करा

रिकॉल म्हणजे सदोष भाग बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावणं. घाबरू नका, पण पावसाळा संपू दे म्हणून थांबूही नका. टकाटा या जपानी कंपनीच्या जुन्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट हे रसायन असतं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता खाऊन ते बिघडतं, मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर उडू शकतात. आपल्या कोकणात दमटपणाला काय तोटा!

आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. रिकॉल निघाला तर:

- शोरूमला आधी फोन करून पार्ट आलाय का ते विचारा. रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा घाट चढून गेल्यावर 'पार्ट नाही' ऐकायला नको.
- काम फुकट असतं, गाडी सेकंडहँड असली तरी. 'सोबत सर्व्हिसिंग करून घ्या' म्हणाले तर ते तुमच्या मर्जीवर.
- जॉब कार्डावर (शोरूमने दिलेल्या कामाच्या कागदावर) रिकॉलचा उल्लेख हवाच. ते जपून ठेवा, गाडी विकताना लागेल.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे नाक्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिककडून एअरबॅग काढून घेणं. अजिबात नको, तो स्फोटक भाग आहे. गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून बघा, एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तसाच राहिला तर तिथेच दाखवा.