विश्वास हे दान, मग ते माझ्या वाट्याला का नाही?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी जन्माने ख्रिस्ती. बाप्तिस्मा, शब्बाथशाळा, दृढीकरण सगळं वेळच्या वेळी झालं. गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजाराने गेला. घरात रोज प्रार्थना चालायची, आईने उपास केले, तरी गेला. मातीच्या दिवशी एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमचा विश्वास कमी पडला." तेव्हापासून प्रार्थनेला बसले की आतून काहीच येत नाही. पौल इफिसकरांना लिहितो, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि हे देवाचं दान आहे. मग ते दान मला मिळालं नाही यात माझा काय दोष? आणि अशा अवस्थेत प्रभुभोजन घ्यावं का? हल्ली भाकर आणि प्याला जवळ आला की मी मान खाली घालून बसून राहते.
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सलाम. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी त्या नातेवाइकांचं बोलणं बाजूला काढू या, कारण बाकी सगळं त्याच्याखाली दबलं आहे.

मातीच्या दिवशी असं बोलणं क्रूर तर आहेच, शिवाय ते शास्त्राला धरून नाही. इतका विश्वास मोजला की इतकं आरोग्य पदरात, असा हिशेब मांडला की विश्वास ही किंमत झाली. तुम्ही दिलेल्या वचनाच्या पुढच्याच ओळीत पौलाने बजावलं आहे की कोणी बढाई मारू नये. "तुमचा कमी पडला" म्हणणारा "माझा पुरेसा आहे" अशी बढाईच मारत असतो. खुद्द पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तो टळला नाही. त्यांचा विश्वास कमी होता म्हणायची कोणाची छाती आहे? तुमच्या आईंना हे जरूर वाचून दाखवा. त्यांनाही ते वाक्य आत लागलं असणार.

आता दोष. तुमचा दोष नाही. पण "एकाला मिळतं, दुसऱ्याला का नाही" या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळीत जुना वाद आहे, तो लपवत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मगुरू ऑगस्टीन आधी मानत असे की विश्वास ठेवणं आपल्या हातात आणि कृपा त्यामागून येते. पुढे 396 च्या सुमारास मिलानच्या सिम्प्लिशियन या धर्मगुरूच्या प्रश्नांना उत्तरं लिहिताना करिंथकरांच्या पत्रातल्या एका प्रश्नाने त्याचं मत फिरलं : जे तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? मग विश्वाससुद्धा दिलेलाच. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याच्या परंपरेने विश्वास कोणाला मिळतो हे देवाच्या निवडीवर सोपवलं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या परंपरेने म्हटलं, कृपा सर्वांसाठी आहे, माणूस ती नाकारू शकतो. हा वाद मी सोडवू शकणार नाही. पण पौलाने इफिसकरांना ते दानाचं वचन लिहिलं ते मंडळीला आधार देण्यासाठी. कोण वगळला गेला हे शोधत बसण्यासाठी ते वाचलं की त्याचा गळफास होतो, आणि तुमच्या बाबतीत तेच झालं आहे.

मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाकडे बघा. आजारी पोराला घेऊन आलेला, रडकुंडीला आलेला. तो म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." प्रभूने त्याला "आधी नक्की काय ते ठरव" म्हणून परत पाठवलं नाही. पोराला बरं केलं.

आपल्या पंडिता रमाबाई आठवा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. नंतर आपल्या साक्षीत त्या स्वच्छ लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळून आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याच काळात त्या अमेरिकेत फिरल्या, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, बालविधवांना जवळ केलं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या. त्या आठ वर्षांना मी ढोंग म्हणणार नाही. देवाचं देणं त्यांच्यापर्यंत येत होतं, त्याला वेळ लागला.

प्रभुभोजनाबद्दल माझं मत ठाम आहे : घ्या. "अयोग्य प्रकारे" खाऊ नये, हे करिंथकरांना लिहिलेलं पौलाचं वचन ऐकवून लोक दुःखी माणसाला मेजापासून उठवतात आणि मला त्याचा राग येतो. करिंथमध्ये काय चाललं होतं ते त्याच अध्यायात आहे. ऐपतीचे लोक आधीच खाऊनपिऊन घेत आणि गरीब भाऊबहिणी उपाशी राहत. पौलाने खडसावलं ते त्यांना. भाऊ गमावलेली बहीण त्यात कुठेच नाही. आणि विश्वास आटल्यासारखा वाटला म्हणून थांबायचं नसतं. 1738 साली आपल्याजवळ विश्वास नाही असं वाटून जॉन वेस्ली उपदेश थांबवायला निघाला होता, तेव्हा पीटर बोलर या मोराव्हियन पंथाच्या मित्राने त्याला थांबू दिलं नाही.

राहुरीकडच्या एका खेड्यात मी पाळक असताना तिथल्या एका आजीचा कर्ता मुलगा ट्रॅक्टर उलटून गेला. पुढच्या रविवारी त्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसल्या होत्या. गीत सुरू झालं तशा उठून म्हणाल्या, "आज माझ्याच्यानं गाणं व्हायचं नाही. माझ्या वाटचं तुम्ही म्हना." आणि बसल्या. सगळ्या मंडळीने ते गीत त्यांच्या वाटचं म्हटलं. असे बरेच रविवार गेले. पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून चौघांनी खाली सोडलं तेव्हा येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला, असं मार्क लिहितो. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाची तिथे चौकशीसुद्धा नाही.

तेव्हा सध्या घरी एकट्याने प्रार्थना जुळत नसेल तर आईंना मोठ्याने करू द्या, तुम्ही नुसत्या जवळ बसा. शेवटी "आमेन" म्हणता आलं तर म्हणा. भावाच्या नावाने रडू आलं तर रडा, कितीतरी स्तोत्रं तक्रारीचीच आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं. तुमच्या पाळकांना प्रभुभोजनाच्या आधी भेटून हे सगळं सांगा, आणि ते नातेवाईक पुन्हा तसं बोलले तर उत्तर द्यायचं काम पाळकांवर सोपवा. ते त्यांचंच आहे.