वाचक विचारतात : पोटॅशियम गेलं कुठे?

प्रश्न : रक्तदाबाची गोळी वर्षभर चालू आहे. पायांत गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. तपासणीत पोटॅशियम २.९ निघालं. महिनाभर रोज दोन केळी खाऊनही ३.० च आहे. असं का?

उत्तर : आधी गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी काही दिसलं, तर पोटॅशियम लघवीवाटे जातंय. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यामुळे आपण लघवी वाढवणारं औषधही घेतोय हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

आता केळ्यांचं. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. तपासणीत दिसतं ते रक्तात उरलेलं. ३.५ ते ५ हे साधारण प्रमाण. त्यापुढे २.९ म्हणजे थोडंसंच कमी वाटतं, पण एकूण तूट २०० ते ४०० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत (हे क्षार मोजायचं एकक) असू शकते. मध्यम केळ्यात असतं दहाच्या आसपास. त्यातही ते बहुतांशी फॉस्फेट आणि सायट्रेटच्या जोडीने येतं. लघवीच्या औषधाने क्लोराइडही गेलेलं असतं आणि ते भरल्याशिवाय मूत्रपिंड पोटॅशियम नीट धरून ठेवत नाही. म्हणून डॉक्टर पोटॅशियम क्लोराइड देतात. केळी खा, पण औषध म्हणून नको.

गळती चालू ठेवून भरत राहण्यालाही अर्थ नाही. डोस कमी करणं किंवा पोटॅशियम राखणारं औषध जोडणं, हे डॉक्टरांशी बोला. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाब चढा आणि पोटॅशियम कमी अशी जोडी असेल, तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (रक्तदाब आणि क्षारांवर ताबा ठेवणारी संप्रेरकं) यांची तपासणी करायची का, हेही विचारा. हा प्रश्न राहूनच जातो आणि वर्षानुवर्षं नुसत्या गोळ्या वाढत जातात.

प्रश्न : पोटॅशियमचं सिरप घेतलं की पोटात आग पडते. काय करावं?

उत्तर : ते नुसतं चमच्याने घेतलं जात असेल. दहा टक्क्यांच्या सिरपच्या १५ मिलीमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. एवढं दाट द्रावण जठराला झोंबणारच. जेवणानंतर, निदान अर्धा ग्लास गार पाण्यात मिसळून, पाच-दहा मिनिटांत घोट घोट घ्या. चव वाईटच राहते. सावकाश विरघळणारी गोळी मिळाली तर ती चावू किंवा कुटू नका. बसून, ग्लासभर पाण्याबरोबर गिळा आणि लगेच आडवे होऊ नका. पुढे शौचात गोळीचं रिकामं टरफल दिसलं तर घाबरू नका, औषध शोषलं गेलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर 'कमी सोडियमचं मीठ' टाळा. त्यात पोटॅशियम क्लोराइडच असतं, त्याने प्रमाण उलट धोकादायक वाढू शकतं.

प्रश्न : सलाईनमधून पोटॅशियम दिलं तेव्हा हात जळत होता. घरी आल्यावर आठवड्यात पुन्हा कमी. उपचार चुकला का?

उत्तर : जळजळ होते ती शिरेला पोटॅशियम झोंबतं म्हणून. हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट देतात, कारण घाई केली तर हृदयाचे ठोके बिघडतात. दुखलं तर नर्सला सांगा. वेग कमी करता येतो. सुईभोवती सूज आली तर मात्र लगेच ओरडून सांगा, औषध शिरेबाहेर जात असेल.

पुन्हा कमी झालं तर मॅग्नेशियम तपासलं का, ते बघा. मॅग्नेशियम कमी असलं की मूत्रपिंडातली पोटॅशियमची वाट उघडी राहते आणि कितीही भरलं तरी ते वाहून जातं. लांबलेले जुलाब, दारू, आम्लपित्ताच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणं ही मॅग्नेशियम कमी होण्याची नेहमीची कारणं.

प्रश्न : एका तपासणीत ३.१, दोन दिवसांनी उपचाराशिवाय ४.४. कोणतं खरं?

उत्तर : ४.४ वर आधी शंका घ्या. घट्ट पट्टा बांधून मूठ वारंवार आवळायला लावली किंवा नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर आकडा खोटा वाढतो. उलट, दम्यासाठीच्या साल्ब्युटामॉलची वाफ किंवा इन्सुलिन घेतल्यावर पोटॅशियम काही तास पेशींत शिरतं आणि ३.१ तात्पुरतं असू शकतं. मूठ न आवळता पुन्हा रक्त द्या आणि त्या दिवशी घेतलेल्या औषधांची यादी सोबत न्या. धडधड, भोवळ, पाय उचलता न येणं किंवा श्वास अपुरा पडणं यांपैकी काही असेल, किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता ईसीजी काढून घ्या.