विमानाचे थर्मोप्लास्टिक कंपोझिट भाग रिव्हेटशिवाय, अल्ट्रासोनिक वेल्डिंगने जोडता येतात का?

येतात. मी काही काळ प्रयोगशाळेत हेच काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कंपोझिट म्हणजे प्लास्टिकमध्ये बसवलेले कार्बनसारखे तंतू; रिव्हेटसाठी (भाग जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यासाठी) भोक पाडलं की ते तुटतात. नेहमीच्या कंपोझिटमधलं इपॉक्सी हे प्लास्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तिथे रिव्हेट किंवा गोंदच. पीपीएस (PPS) किंवा पीक (PEEK) ही थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की वितळणारी प्लास्टिक. पीक 343 अंश सेल्सिअसला, पीपीएस 280च्या आसपास.

सोनोट्रोड नावाचा धातूचा ठोकळा वरच्या भागावर दाबून धरायचा. तो सेकंदाला 20 हजार वेळा वरखाली थरथरतो, तेही मायक्रॉनमध्ये मोजावं इतकंच. नुसते दोन पत्रे एकावर एक ठेवले तर उष्णता नेमकी कुठे तयार होईल याचा भरवसा नाही. म्हणून मध्ये त्याच प्लास्टिकची, तंतू नसलेली, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची फिल्म ठेवतात. ती पत्र्यांपेक्षा मऊ, त्यामुळे बरीचशी थरथर तिच्यातच जिरते. आधी पृष्ठभाग घासून, मग प्लास्टिक आतल्या आत मळलं जाऊन ती तापते आणि वितळते. छोट्या जोडाला बहुतेकदा सेकंदभरही लागत नाही.

खरी गोम थांबायचं कधी यात आहे. सुरुवातीला आम्ही वेळ ठरवून मशीन चालवायचो. त्याच सेटिंगवर एक तुकडा कच्चा निघायचा, तर दुसऱ्यात पत्र्यातलंच प्लास्टिक वितळून तंतू सरकलेले. मग घड्याळ सोडलं आणि सोनोट्रोड किती खाली उतरला ते मोजू लागलो. फिल्म वितळून कडेने बाहेर पडते, तेवढाच तो उतरतो. ठरलेल्या अंतरावर थांबवलं की जोड एकसारखे यायला लागले. कंपन थांबल्यावर दाब लगेच काढायचा नाही, नाहीतर पोकळ्या राहतात. (ही घाई मी केलीय.)

वेल्ड केलेले भाग आधीपासून उडताहेत. एअरबस ए380च्या पंखाची पुढची कड रेझिस्टन्स वेल्डिंगची (जोडात वीज सोडून तापवतात), गल्फस्ट्रीम जी650चं रडर (शेपटीवरचं दिशा वळवणारं पातं) इंडक्शनचं (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवतात). अल्ट्रासोनिक नवखं; युरोपच्या क्लीन स्काय 2 या विमान-संशोधन कार्यक्रमातल्या 8 मीटर लांब धडाच्या नमुन्यात ते वापरलं गेलं.

रिव्हेट पूर्ण जाणार नाहीत. हा जोड सरकवणाऱ्या जोराला चांगला टिकतो, सोलून काढणाऱ्या जोराला तितका नाही. म्हणून टोकाशी भेग अडवायला एखाददुसरा रिव्हेट मारायचा विचार होतोच. चिकटवलेल्या जोडांवरच्या अशा रिव्हेटला या धंद्यातले लोक गंमतीने ‘चिकन रिव्हेट’, म्हणजे भित्र्याचा रिव्हेट, म्हणतात.