जीवशास्त्रातून जैवप्लास्टिककडे : नोकरी बदला, पण गृहकर्ज राहू द्या

प्रश्न : मी 38 वर्षांची असून सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. केली आहे आणि पुण्यातील एका औषधनिर्मिती कंपनीत 9 वर्षे 4 महिने नोकरी करते आहे. हातात दरमहा 1,10,000 रुपये येतात; मूळ वेतन 60,000 आहे. पती शिक्षक असून त्यांचे वेतन 58,000 आहे. साखर उद्योगातील मळीपासून जिवाणूंच्या साहाय्याने विघटनशील प्लास्टिक बनवण्याच्या दोन वर्षांच्या संशोधन प्रकल्पात मला जागा मिळते आहे. मानधन 67,000 अधिक घरभाडे भत्ता, म्हणजे हातात साधारण 80,000. गृहकर्ज 24 लाख शिल्लक असून व्याज साडेआठ टक्के व हप्ता 36,000 आहे. भविष्य निर्वाह निधीत 14 लाख, म्युच्युअल फंडात 11 लाख आणि मुदत ठेवीत 6 लाख आहेत. निधी आणि फंड मोडून कर्ज फेडावे व मगच नोकरी सोडावी, असा विचार आहे. घरखर्च, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधे यांना दरमहा 76,000 लागतात आणि फंडात 25,000 ची एसआयपी चालू आहे. दोन वर्षांनंतर स्वतःची कंपनी काढण्याचीही इच्छा आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर : तुम्ही या क्षेत्रात जावे असे मला वाटते आणि तुमचे आकडे त्याला आधार देतात. मात्र जाण्याआधी कर्ज फेडून टाकण्याचा बेत मी रद्द करायला सांगेन.

आधी या बदलाची खरी किंमत पाहू. तुम्ही ती महिना 30,000 धरली आहे, म्हणजे दोन वर्षांचे 7 लाख 20 हजार. पण आज तुमच्या वेतनातून आणि कंपनीकडून मिळून मूळ वेतनाच्या 24 टक्के, म्हणजे 14,400 रुपये, दरमहा भविष्य निर्वाह निधीसाठी जमा होतात. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, तुमच्या बाबतीत 34,615 रुपयांची, ग्रॅच्युइटी साठते. प्रकल्पाच्या पदाला या दोन्ही गोष्टी सहसा नसतात. सर्व मिळून दरमहा सुमारे 47,300 आणि दोन वर्षांत साडेअकरा लाखांच्या जवळपास रक्कम तुम्ही सोडत आहात. ती पेलण्यासारखी आहे, परंतु निर्णय घेताना हाच आकडा समोर असावा.

आता कर्जाविषयी. निर्वाह निधीवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज मिळाले आणि तुमच्या कर्जावर साडेआठ टक्के लागते. म्हणजे 14 लाख काढून कर्जात भरले, तर वर्षाला वाचतात जेमतेम 3,500 रुपये. नोकरी सोडल्यानंतर निधीवर मिळणारे व्याज करपात्र उत्पन्नात धरले जाते, हे खरे. पण नव्या करप्रणालीत तुमचे एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत राहत असल्याने त्यावर प्रत्यक्ष कर लागण्याची शक्यता कमी आहे. हप्ता बंद झाल्याने मन हलके होते आणि महिन्याचा ताणही घटतो, हे मी नाकारत नाही. मात्र एकदा बँकेला परत केलेले 24 लाख, ठरावीक मुदतीच्या प्रकल्पातील मानधनाच्या जोरावर, पुन्हा कर्ज म्हणून सहजासहजी मिळत नाहीत. कायम नोकरीच्या वेतनपत्रकाला बँकेत जे वजन असते, ते तुम्ही राजीनामा देताच संपते. म्हणून त्याचा उपयोग आत्ताच करून घ्या. सध्याच्या हप्त्याने कर्ज सुमारे साडेसात वर्षांत फिटेल. बँकेशी बोलून मुदत बारा वर्षे करून घेतली, तर हप्ता साधारण 26,700 वर येईल. एकूण व्याज वाढेल, परंतु बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराला दंडाविना मुदतीआधी फेडता येते, त्यामुळे स्थिर उत्पन्न सुरू झाल्यावर तुम्ही ते लवकर संपवू शकता.

हातात पैसा ठेवण्याचा माझा आग्रह या क्षेत्राच्या स्वभावामुळे आहे. तुम्ही ज्या पीएचए गटातील, म्हणजे जिवाणू आपल्या पेशींत साठवतात त्या प्लास्टिकसारख्या पॉलिमरवर काम करणार आहात, त्यातला पहिला पदार्थ फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेमॉइन्य यांना 1926 मध्ये जिवाणूंमध्ये आढळला. त्यापासून बनवलेली शाम्पूची बाटली जर्मनीत दुकानात यायला 1990 उजाडले. पुढे मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने हा व्यवसाय विकत घेऊन काही वर्षांतच सोडला, मेटाबोलिक्स आणि एडीएम या कंपन्यांची अमेरिकेतील भागीदारी 2012 मध्ये संपली आणि डॅनिमर सायंटिफिक ही त्याच क्षेत्रातील कंपनी 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. विज्ञान सिद्ध झालेले होते. खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या किमतीशी मेळ बसत नव्हता. औषधात ग्रॅमला जी किंमत मिळते, ती प्लास्टिकमध्ये किलोलाही मिळत नाही, आणि तुमच्यासारख्या जीवशास्त्रज्ञाला सवय बदलावी लागते ती इथेच. वेळेचेही तसेच आहे. कंपोस्टयोग्य प्लास्टिकच्या मानकानुसार 180 दिवसांत 90 टक्के जैवविघटन दाखवावे लागते. म्हणजे एकच चाचणी तुमच्या चोवीस महिन्यांतले सहा महिने घेऊ शकते. दोन वर्षांत ठोस निष्कर्ष हाती येईलच असे धरून घराचा हिशेब मांडू नका.

आशेची बाजूही तितकीच खरी आहे. देशात जुलै 2022 पासून अनेक एकल-वापर प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, केंद्राने 2024 मध्ये जैवउत्पादनासाठी बायोई3 धोरण मंजूर केले आणि त्याच वर्षी प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीत जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्रात मळी आहे, साखर कारखाने आहेत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मोठ्या फर्मेंटरवर जिवाणू वाढवण्याचा तुमचा अनुभव. तो लसनिर्मितीला लागतो तसाच या प्लास्टिकलाही लागतो. प्रकल्पात फर्मेंटेशनचेच काम स्वतःकडे ठेवलेत, तर गरज पडल्यास औषध कंपनीत परतण्याची वाट उघडी राहील. माझ्या मते तुमची सर्वांत मोठी सुरक्षितता मुदत ठेवीपेक्षा हीच आहे.

घरखर्च, शाळा, औषधे यांचे तुम्ही कळवलेले 76,000, नवा हप्ता आणि आरोग्य विम्यासाठी महिना 5,000 धरून खर्च सुमारे 1,07,700 होतो. दोघांचे मिळून 1,38,000 येतील, म्हणजे 30,000 उरतील. 25,000 ची एसआयपी 15,000 वर आणा आणि उरलेले मुदत ठेवीत टाका. प्रकल्पांचे मानधन काही वेळा महिनोन्‌महिने रखडते, तेव्हा हीच ठेव उपयोगी पडते. ठेवीतले 6 लाख आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेनऊ लाखांच्या आसपास होतात. तुमचे उत्पन्न पूर्ण थांबले तरी फंडाला आणि निर्वाह निधीला हात न लावता साधारण 19 महिने घर चालेल.

राजीनाम्याची तारीखही महत्त्वाची आहे. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांहून अधिक सेवेचे पूर्ण वर्ष धरतात. त्यामुळे शेवटचा दिवस 9 वर्षे 6 महिन्यांच्या थोडा पुढे ठेवलात, तर दहा वर्षांची, म्हणजे सुमारे 3,46,000 रुपये मिळतील. आज गेलात तर 34,615 कमी. प्रकल्पप्रमुखांकडे दोन-तीन महिन्यांची मुदत मागायला संकोच करू नका.

कंपनीबाबत मी ठाम आहे : पहिली दोन वर्षे त्यात स्वतःचा एक रुपयाही घालू नका. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट हे अनुदान 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत मिळते आणि पुण्यातील व्हेंचर सेंटरसारखी नवउद्योगांना आधार देणारी केंद्रे त्यासाठी मार्गदर्शन करतात. ही रक्कम संकल्पना सिद्ध करण्यासाठी असते आणि टप्प्याटप्प्याने येते. घराचा हप्ता तिच्यावर अवलंबून ठेवता येणार नाही. अनुदान मिळाले, नमुना तयार झाला आणि एखादा खरेदीदार किमतीवर बोलू लागला, तरच फंडातील दोन-तीन लाखांपर्यंत विचार करू. मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यात धरू नका.

राजीनामा देण्यापूर्वी कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो का, हे लेखी विचारा, म्हणजे आधीच्या आजारांची प्रतीक्षा नव्याने सुरू होणार नाही. सासूबाईंसाठी हे विशेष आवश्यक आहे. टर्म विमा कर्जाच्या रकमेहून बराच अधिक घ्या आणि त्याचा अर्ज आजच्या वेतनपत्रकावर करा. प्रकल्पाच्या अठराव्या महिन्यात आपण पुन्हा आकडे मांडू. तोपर्यंत पुढच्या निधीची लेखी खात्री नसेल, तर त्याच महिन्यापासून नोकरीसाठी अर्ज करायला लागा.