मासळी कमी करू नका, हप्ते कमी करा

तुम्ही विचारलंय की पगार बरा आहे, घरात सगळं आहे, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही आणि मनालाही बरं वाटत नाही, तर खर्च कमी करून साधं राहिलं की खरंच समाधान मिळतं का. माझं उत्तर हो, मिळतं. पण कुठला खर्च कमी करता त्यावर सगळं आहे, आणि बहुतेक लोक आधी नको तोच कापतात.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, नोकरी पणजीला. आमच्या भागात २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतलेले, खनिज वाहतूक एकदम थांबली, ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच. मध्ये थोडं सुरू झालं तर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि परत सगळं ठप्प. ही माणसं उधळी नव्हती हं, ट्रक हा त्यांचा धंदाच होता, त्यांना दोष देणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती, कमाई जवळपास सगळ्यांचीच आटली होती तरी ज्या घरात हप्ते कमी आणि मागे थोडं भात, थोडं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) होतं ती माणसं तग धरून राहिली, रात्री झोपू शकली. म्हणून मी खर्च बघते तो किती आहे यापेक्षा पुढच्या महिन्याला आधीच बांधलेला किती आहे असा.

आमच्या गाडीचा हप्ता संपला तेव्हा सगळे म्हणाले आता मोठी घ्या, शोरूमचे फोन पण यायचे. आम्ही नाही घेतली. तीच गाडी ठेवली, मी कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, पास काढून जाते, पावसात गर्दी असते, कधी उभं राहून जावं लागतं, ते सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण तो हप्ता नसल्यामुळे मिस्टरांनी रविवारचं जादा काम सोडलं. मला समाधान म्हणाल तर ते तिथे मिळालं, पैसे वाचले त्यात नाही, रविवारी माणूस घरी असतो त्यात.

आता मासळीचं. काटकसर करायची म्हटली की आपल्याकडे पहिला घाला ताटावर, मग घरात चिडचिड आणि दोन महिन्यांत सगळं सोडून परत पहिल्यासारखं. त्यापेक्षा जुन्या लोकांसारखं ऋतूप्रमाणे खा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, मासळी मिळते ती महाग, म्हणून मे महिन्यातच आमच्या सासूबाई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करून ठेवतात, सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे, मिरची, सोलां (आमसुलं), चिंच. मग पावसात पेज, किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), परसातला टायकिळा (टाकळा), अळू. आणि ऑगस्टात ताजी मासळी घरात येते तेव्हा जी मजा येते ती बारा महिने रोज इसवण (सुरमई) आणणाऱ्याला येत असेल असं मला वाटत नाही.

करमणुकीला पण खूप पैसे जातात, मॉल, ओटीटी, दर वीकेंडला बाहेर जेवण. आपल्या गोव्यात जत्रेला देवळासमोर नाटकं होतात, दशावतारी काला होतो, तिकीट नाही, मुलं चटईवर बसून बघतात आणि तिथेच झोपतात. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनची संस्था, वाचत बसायला कोणी पैसे मागत नाही. मी ऑफिस सुटल्यावर बस उशिरा असेल तर तिथे जाते. साधं राहणं म्हणजे घरात कोंडून बसणं नव्हे, ज्या गोष्टी गावाच्या, सगळ्यांच्या आहेत त्या भरपूर वापरणं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

काही ठिकाणी मात्र हात आखडू नका. आरोग्य विमा, दातांचं काम, मुलांची पुस्तकं, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं. आणि तुम्ही भाड्याने राहत असाल, पगारातला मोठा वाटा भाड्यातच जात असेल (किनारपट्टीकडे भाडी कुठे गेलीत ते माहीतच आहे) तर काटकसरीचा सल्ला पुरेसा नाही, तिथे घर बदलणं किंवा कमाई वाढवणं हेच बघावं लागेल, उगाच चहा सोडून स्वतःला छळू नका.

लग्नं आणि चवथ (गणेश चतुर्थी) हा सगळ्यात अवघड भाग. नातेवाईक बोलतात, अमक्याने एवढं केलं, तुम्ही का नाही. आम्ही चवथीला माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळं-पानांची सजावट), नेवऱ्या (करंज्या), भजन यात काही कमी करत नाही, फक्त सणाच्या ऑफरमध्ये टीव्ही फ्रीज घेत नाही. बोलणारे थोडे दिवस बोलले, नंतर थांबले.

सुरुवात करायची तर बँकेचं स्टेटमेंट काढा आणि आपोआप कापले जाणारे पैसे आधी बघा, किराणा नंतर. आणि हे एकट्याने ठरवू नका, घरच्यांना घेऊन बसा, मुलांना पण, कारण एकाने ठरवलेली काटकसर बाकीच्यांना शिक्षा वाटते आणि मग ती टिकत नाही.